दर शनिवारी येणारे घर : कोकणातील साप्ताहिक देखरेख-सेवेचा तेरा महिन्यांचा अनुभव

चिपळूण तालुक्यातल्या आमच्या गावी, काकांच्या जुन्या घराला लागून असलेल्या वडिलोपार्जित जागेत आम्ही नवरा-बायकोने घर बांधले. नोकऱ्यांमुळे आम्ही पुण्यात असतो, महिन्यातून एकदा गावी जाणेही जमेलच असे नसते, आणि साहित्यासह काम घेणारा ठेकेदार कितीही ओळखीचा असला तरी त्याच्या कामावर एखाद्या त्रयस्थ जाणकाराची नजर असावी, असे घरातल्या वडीलधाऱ्यांनी निक्षून सांगितले होते. म्हणून तिथल्याच एका स्थापत्य अभियंत्यांच्या कार्यालयाकडून 'साप्ताहिक देखरेख व अहवाल' ही सेवा आम्ही घेतली. हे परीक्षण त्या सेवेचे आहे, घराचे किंवा ठेकेदाराचे नाही. कार्यालयाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ज्या चुकीबद्दल पुढे लिहिले आहे ती त्यांनी मान्य करून निस्तरली आहे. आणि अशी सेवा घेऊ पाहणाऱ्याला नावापेक्षा तिच्याकडून काय मागून घ्यावे हे कळणे जास्त उपयोगाचे आहे.

२४ ऑक्टोबर २०२३ रोजी, दसऱ्याच्या मुहूर्तावर भूमिपूजन झाले आणि त्याच आठवड्याच्या शनिवारी पहिला अहवाल आला. तेव्हापासून ३० नोव्हेंबर २०२४ पर्यंत ५८ शनिवार होऊन गेले. अहवाल ५३ आले. शुल्क महिना ८,००० रुपये, म्हणजे तेरा महिन्यांचे १,०४,००० रुपये झाले. तळमजला आणि वरची एक खोली मिळून १,०५० चौरस फुटांच्या घराला सुमारे ३१ लाख रुपये लागले, त्या मानाने देखरेखीचा खर्च साडेतीन टक्क्यांच्या आत राहिला. त्या बदल्यात अभियंता आठवड्यातून दोनदा कामावर जाई आणि शनिवारी संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर चार पानांची पीडीएफ पाठवी. त्यात झालेले काम, पुढच्या आठवड्याचे काम, आलेल्या सिमेंटच्या गोण्या, सळई, खडी आणि क्रश सँडचे (दगड भरडून केलेल्या वाळूचे) ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट), गवंडी-बिगाऱ्यांची हजेरी आणि डझनभर छायाचित्रे असत. कर्जाचा पुढचा हप्ता सोडताना बँकेला लागणारी छायाचित्रेही यातूनच निघाली.

शेवटच्या पानाच्या तळाशी 'मालकाने ठरवायचे' असा एक रकाना असे. सुरुवातीला आम्ही तो वरवर वाचत होतो; आज विचाराल तर आठ हजारांतले निम्मे पैसे त्या रकान्याचे होते असे मी सांगेन. घर बांधताना मालकाला निर्णय घ्यावे लागतात हे सर्वांनाच ठाऊक असते, पण कोणता निर्णय कोणत्या आठवड्यानंतर घेऊन उपयोग नाही, हे पहिल्यांदा घर बांधणाऱ्याला कोण सांगणार? विसाव्या आठवड्यात त्या रकान्यात एकच ओळ होती : 'झोपाळ्याच्या कड्या हव्यात का? हव्या असल्यास माजघरात की पडवीत?' स्लॅबला अजून दहा-बारा दिवस होते आणि झोपाळ्याचा विषय आमच्या डोक्यातही नव्हता. कड्यांचे गज स्लॅबच्या सळईत अडकवून मगच काँक्रीट ओतायचे असते. ती वेळ हुकली की नंतर छताला भोके पाडून खुंट्या ठोकणे आले, आणि त्यावर माणसांचे वजन टाकायला मन धजत नाही. माजघर की पडवी यावर आमचे दोन रात्री वाद झाले. शेवटी पडवी ठरली, कारण माझ्या सासूबाईंनी फोनवर विचारले, "माजघरात बसून काय भिंत बघायची?"

छायाचित्रांच्या बाबतीत पहिले पाच-सहा आठवडे निराशेचे गेले. कामगार ओळीने उभे आहेत, मागे खणलेले चर आहेत, आकाश निळे आहे. असल्या चित्रांवरून पायाची खोली किती आहे ते समजत नाही. आम्ही तसे स्पष्ट कळवले आणि सातव्या अहवालापासून प्रत्येक महत्त्वाच्या चित्रात मोजपट्टी दिसू लागली. हा बदल त्यांनी तक्रार न मानता केला, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. जोत्याची उंची, सळयांना बांधणाऱ्या रिंगांमधले अंतर, सळईची जाडी असे सगळे पट्टीसकट येऊ लागल्यावर माझ्या पतींनी हिशेबाची वहीच घातली. सळईचे वजन काढण्याचे सूत्र सोपे आहे : मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२ केले की मीटरमागे किलो मिळतात. त्या हिशेबाने १२ मिलिमीटरची १२ मीटर लांब सळई १०.६७ किलोच्या आसपास भरायला हवी, आणि काट्याच्या पावतीशी हे ताडून पाहण्यात त्यांचे कित्येक रविवार गेले. फरक निघाला नाही, पण ठेकेदाराला ही वही ठाऊक होती, हेही काही कमी नव्हते.

भिंती जांभ्याच्या चिऱ्याच्या आहेत. दारे-खिडक्यांच्या माथ्याशी घराभोवती सलग फिरणारा, भूकंपात भिंती एकत्र धरून ठेवणारा काँक्रीटचा पट्टा नकाशात होता. ठेकेदाराचे म्हणणे, फक्त दारे-खिडक्यांपुरते लिंटेल (वरच्या आडव्या तुळया) टाकू, पैसे वाचतील. अठराव्या अहवालात अभियंत्याने लाल अक्षरांत 'पट्टा सलगच हवा, त्याशिवाय पुढचा थर नाही' असे लिहून काम दीड दिवस थांबवले. आम्हाला तो वायफळ हट्ट वाटला होता. काकांना तो अजिबात वाटला नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपात त्यांची आई त्यांना अंगणात ओढत घेऊन गेली होती, आणि जुन्या घराच्या कोपऱ्यातली भेग आजही ते पाहुण्यांना दाखवतात.

चिऱ्याच्याच बाबतीत या सेवेची एक मर्यादाही ध्यानात आली. खाणीतून नुकता काढलेला चिरा काहीसा मऊ असतो आणि हवेवर राहून कठीण होत जातो, त्यामुळे आलेला माल मुरलेला आहे की ओला, आत मातीने भरलेली भोके किती आहेत, हे छायाचित्रात उमगत नाही; सगळे चिरे सारखेच तांबडे दिसतात. काका मात्र गाडी आली की हातोडी घेऊन जात, चिरा ठोकून आवाज ऐकत आणि 'बद' वाजणारे बाजूला काढायला लावत. एका खेपेतले ३७ चिरे त्यांनी परत पाठवले. अभियंत्याच्या त्या आठवड्याच्या अहवालात 'चिरा : दर्जा समाधानकारक' असे लिहिले होते.

स्लॅब २१ मार्च २०२४ रोजी, गुरुवारी झाला. आदल्या संध्याकाळी, शनिवारची वाट न पाहता, सळईची वेगळी छायाचित्रे आली, आणि त्यातल्या एकात स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या तीन-चार सळया थेट प्लायवर टेकलेल्या दिसल्या. नकाशात सळईखाली २५ मिलिमीटरचे कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, लिहिलेले होते. रात्री साडेनऊला आम्ही ते चित्र गोल काढून परत पाठवले. सकाळी सातच्या आत अभियंता तिथे होता आणि सळई उचलून धरणारे छोटे कव्हर ब्लॉक खाली सरकवल्याचे चित्र पट्टीसह आले. मिक्सर साडेआठला सुरू झाला. चाचणीसाठी काँक्रीटचे सहा ठोकळे भरले गेले. तीन सातव्या दिवशी आणि तीन अठ्ठाविसाव्या दिवशी फोडून त्यांचे निकाल पुढच्या अहवालांना जोडले होते. इथवर सगळे उत्तम होते.

त्यानंतर शिमगा आला. २४ मार्चला होळी होती, आणि रत्नागिरी जिल्ह्यात पालखी घरोघर फिरू लागली की गवंडी, बिगारी, सुतार, कोणीही कामावर मिळत नाही. त्यात कोणाचा दोष नाही. आमचे कुटुंबही पालखीची वाट पाहतेच. पण भारतीय मानक संस्थेच्या आयएस ४५६ नुसार साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस आणि पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला किमान १० दिवस ओलावा द्यावा लागतो. आमचे सिमेंट पीपीसी होते, ऊन मार्चअखेरचे होते, आणि नेमका ३० मार्चचा अहवाल आला नाही. न आलेल्या पाच अहवालांपैकी चार पावसाळ्यातले, त्यांचे काही वाटले नाही. या एकाचे मात्र वाटले, कारण तेरा महिन्यांत ज्या आठवड्यात रोज कोणीतरी जाऊन पाहणे अत्यावश्यक होते तो हाच आठवडा होता आणि सण कधी येणार हे पंचांगात वर्षभर आधी छापलेले असते. स्लॅबवर आळी बांधून ठेवलेली होती. त्यांत विहिरीच्या पंपाने सकाळ-संध्याकाळ पाणी सोडण्याचे काम काकांनी केले. त्यांनी पाठवलेल्या एकमेव छायाचित्रात आळ्यातले पाणी त्यांचा कुत्रा पीत आहे. अहवालांच्या फाइलमध्ये २३ व्या आठवड्याच्या जागी आम्ही तेच चित्र लावले आहे.

पुढे अकराव्या दिवशी ठेकेदाराला दुसऱ्या कामासाठी टेकू काढून न्यायचे होते. त्याच मानकात साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू ७ दिवस आणि सहा मीटरपर्यंतच्या तुळयांखालचे १४ दिवस ठेवावेत असे आहे, तेही साध्या सिमेंटसाठी. अभियंत्याने पूर्ण २१ दिवस एकही टेकू हलू दिला नाही. शिमग्याची चूक त्याने इथे भरून काढली, असे आम्ही समजतो.

आता मुख्य तक्रार. वरच्या खोलीला जोडून न्हाणीघर आहे आणि ते बरोबर स्वयंपाकघराच्या डोक्यावर येते. मे महिन्यात मंगळवारी तिथले वॉटरप्रूफिंग झाले, गुरुवारी त्यावर फरशी बसली, आणि शनिवारच्या अहवालात चकचकीत फरशीचे चित्र व 'वॉटरप्रूफिंग पूर्ण' अशी नोंद आली. पाणी भरून ठेवून चाचणी घेतली का, हे आम्ही विचारले नाही, त्यांनी लिहिले नाही. सप्टेंबरमध्ये गणपतीला सगळे गावी जमले. जुने घर पुरेना म्हणून काही पाहुणे नव्या घराच्या वरच्या खोलीत राहिले आणि पाच दिवस ते न्हाणीघर भरपूर वापरले गेले. गौरी-विसर्जनाच्या दिवशी स्वयंपाकघराच्या छताला, ओट्याच्या बरोबर वर, ताटाएवढा ओला डाग दिसला. फरशी उखडल्यावर नहाणी ट्रॅपच्या (सांडपाणी जाणाऱ्या जाळीखालच्या भांड्याच्या) गळ्याभोवतीचा सांधा नीट भरलेलाच नव्हता असे आढळले.

अभियंत्याने टाळाटाळ केली नाही. "गुरुवारी मी तिथे नव्हतो, ठेकेदाराच्या सांगण्यावरून लिहिले," असे त्याने काकांसमोर कबूल केले. मजुरी ठेकेदाराने सोसली, वॉटरप्रूफिंगचे साहित्य कार्यालयाने दिले आणि फरशीचे पैसे आम्ही भरले. हा शेवटचा भाग आम्हाला अजून पटलेला नाही. दुसऱ्या वेळी ४८ तास पाणी भरून ठेवले गेले आणि पातळीच्या खुणेसह दोन्ही दिवसांची चित्रे आली.

या प्रकारात दोष एका माणसाच्या आळसापेक्षा अहवालाच्या वेळापत्रकात जास्त होता, असे माझे मत झाले आहे. बांधकाम शनिवार पाहून चालत नाही. जे काम पुढच्या कामाखाली झाकले जाणार असते ते झाकण्याच्या आदल्या दिवशी पाहायला हवे. नंतरच्या चित्रात फक्त त्यावरचे झाकण दिसते. स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी चित्रे आली म्हणून कव्हर ब्लॉक बसले, न्हाणीघराच्या वेळी शनिवारपर्यंत थांबलो म्हणून फरशी उखडावी लागली. त्यामुळे अशी सेवा घेणाऱ्याने साप्ताहिक अहवाल जरूर घ्यावा, पण करारात झाकल्या जाणाऱ्या कामांची यादी वेगळी लिहून घ्यावी : पायाचा तळ, जोत्यातली भर आणि वाळवीप्रतिबंधक फवारणी, प्रत्येक काँक्रीटआधीची सळई, भिंतीतल्या विजेच्या नळ्या व पाण्याचे पाइप, वॉटरप्रूफिंग आणि त्याची पाणी-चाचणी. यातले प्रत्येक काम मालकाचा लेखी होकार आल्याशिवाय झाकायचे नाही, असे एक वाक्य त्याखाली असावे. आमच्या दोन पानी करारात ते नव्हते. स्वतःच्या जागेवर स्वतःसाठी बांधून घेतलेल्या घराला महारेराचा (बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा) आधार मिळत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मात्र 'सेवा' या व्याख्येत घरबांधणीचा उल्लेख आहे, आणि तिथेही शेवटी कागदच दाखवावा लागतो.

पुन्हा घर बांधायचे झाले तर हीच सेवा घेऊ का, असे अनेकांनी विचारले. घेऊ, वरच्या यादीसह. पाचपैकी साडेतीन तारे. शिमग्याचा अहवाल आला असता तर चार दिले असते. काकांचे शुल्क यात धरलेले नाही.

गेल्या महिन्यात स्वयंपाकघरात फळी लावायची होती. सुतार भिंतीला ड्रिल लावणार, तेवढ्यात पतींनी ३१ व्या आठवड्याचा अहवाल उघडला. गिलाव्याआधीच्या चित्रात उघड्या चिऱ्यावर पट्टी धरलेली होती आणि विजेची नळी खिडकीच्या चौकटीपासून बरोबर ४२ सेंटिमीटरवर होती. सुताराने पेन्सिलची खूण चार बोटे डावीकडे सरकवली.