सीओ अलार्म, आठ महिन्यांनंतर : सेल नेमकं कोण खात होतं?

जानेवारीत एका रात्री अडीच वाजता पॅसेजमधून 'टिक्' असा आवाज यायला लागला, मिनिटाला एकदा. आई घाबरून उठून बसली, तिला वाटलं गॅस गळतोय. बघतो तर कार्बन मोनॉक्साइड (सीओ) अलार्मचे सेल संपलेले. दिवाळीत घातलेले दोन पेन्सिल सेल तीन महिन्यांत गार! खोक्यावर दोन वर्षं लिहिलंय. त्या रात्री मी एकच स्टार देणार होतो.

बाथरूममध्ये गॅस गिझर आहे म्हणून हा अलार्म घेतला. सिलिंडरच्या गॅसमध्ये मरकॅप्टन मुद्दाम मिसळलेलं असतं, म्हणून गळतीचा वास तरी येतो. अर्धवट जळण्यातून होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. घरात एलपीजी डिटेक्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका, ते यंत्र वेगळं.

तर सेल. कंपनीच्या माणसाला फोन केला, तो म्हणाला, "साहेब, सेल चांगले वापरा." चांगले, महागातले अल्कलाइन घातले. मार्चमध्ये तेही बसले. मग पैसे वाचवायला चार्जिंगचे सेल घातले, तर ते १.२ व्होल्टचे, त्याच संध्याकाळी टिकटिक सुरू. आता मात्र मला राहवेना. मल्टिमीटर सिरीजमध्ये लावून बसलो. शांत असताना अलार्म ७० मायक्रोअँपिअर ओढतो. म्हणजे दिवसाला १.७ मिलीअँपिअर-अवर. अल्कलाइन सेलची कुवत साधारण २,५०० धरली, तर दोन वर्षं आरामात निघायला हवीत. पण स्क्रीनचा दिवा लागला की तोच आकडा १४ मिलीअँपिअर, म्हणजे दोनशेपट! दिवा रोज दोन तास लागला तर तीन महिन्यांत सेल संपणारच. पण बटण कोणी दाबत नसताना दिवा लागतोच कशाला?

उत्तर एका दुपारी मिळालं. आमच्याकडे सिन्नरला चार तास लाइट नव्हती. ती आली आणि अर्ध्या तासात स्क्रीन उजळली : ३८ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ३८ भाग कार्बन मोनॉक्साइड. गिझर बंद, शेगडी बंद. माझा भाचा एमआयडीसीत बॉयलरवर आहे, त्याला विचारलं. तो म्हणाला, "मामा, खाली इन्व्हर्टर आहे ना?" होता! अलार्मच्या बरोबर खाली पाण्याची ट्युब्युलर बॅटरी. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, आणि हा इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर हायड्रोजनलाही फसतो. अलार्म बेडरूममध्ये नेला, आकडा शून्य. परत बॅटरीवर धरला, चढायला लागला. लाइट जायची, बॅटरी चार्ज व्हायची, स्क्रीन जागी राहायची आणि सेल माझे संपायचे. इन्व्हर्टर आता मागच्या व्हरांड्यात हलवलाय. मार्चअखेरीस घातलेले सेल आजही मीटरवर १.५२ व्होल्ट दाखवतात. कंपनीवरचा अर्धा राग मी मागे घेतो. उरलेला अर्धा राहणार, कारण माहितीपत्रकात यावर एक ओळही नाही.

अचूकपणा पारखायला भाच्याने कारखान्यातला कॅलिब्रेट केलेला मीटर आणला. रिकाम्या बाथरूममध्ये स्टुलावर दोन्ही ठेवले, गिझर लावला, दार ओढून घेतलं. दहा मिनिटांनी बाहेरून रेग्युलेटर बंद केला, दार उघडून बाथरूममधली हवा जाऊ दिली आणि मग दोघांची पीक मेमरी, म्हणजे साठवलेला सर्वांत मोठा आकडा, बघितली. त्याचा ९१, माझा ८४. या किमतीला हे चांगलंच म्हणायचं.

अलार्म मात्र वाजला नाही. शेजारचे काका म्हणाले, "बिघडलाय." बिघडलेला नाही. युरोपीय मानक ईएन ५०२९१ प्रमाणे ५० पीपीएमला तो ६० ते ९० मिनिटांत वाजतो, १०० ला १० ते ४० मिनिटांत, ३०० ला तीन मिनिटांच्या आत. ज्याच्यात आकडा दिसत नाही असा स्वस्तातला अलार्म म्हणूनच घेऊ नका. ८४ वर तो मुकाट बसला असता आणि आम्हाला काही कळलं नसतं. आणखी एक, टेस्टचं बटण फक्त भोंगा आणि सर्किट तपासतं, सेन्सर नाही. सेन्सरची मुदत मागच्या स्टिकरवर असते, ती बघूनच घ्या.

पण त्या ८४ ने माझी झोप उडाली. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून जास्त घट्ट धरतो, आणि आई अंघोळीला वीस-वीस मिनिटं लावते. मिस्त्रीने बर्नर उघडला तेव्हा आत काजळीचा थर आणि कोळ्याचं जाळं निघालं, ज्योत पिवळी जळत होती. साफ केल्यावर निळी झाली आणि भाच्याच्या मीटरवर आकडा १२ वर आला. तरी गिझर आत ठेवायचा नाही असं ठरलंय. रविवारी प्लंबर येतोय, गिझर गॅलरीत जाईल आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप. अलार्म बाथरूमच्या दाराबाहेरच राहील, आत वाफेने सेन्सर खराब होतो.