लिफ्ट किट, एटी टायर आणि हवेचा पंप : जिमनीवर केलेला खर्च, एका पावसाळ्यानंतर

‘ऑफ-रोड वापरास वॉरंटी लागू नाही.’ हे वाक्य एका ऑफ-रोड सस्पेन्शन किटच्या वॉरंटी कार्डावर छापलेलं आहे. मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत. पुढच्या बाजूला चिखल उडवत निघालेल्या गाडीचं चित्र आहे. मागचा उजवा शॉकअप तेल गाळायला लागला म्हणून दुकानात गेलो, तेव्हा मालकाने कार्ड उलटं करून त्या ओळीवर बोट ठेवलं.

‘‘साहेब, चिखलात घातलीत ना गाडी?’’

‘‘मग कुठे घालू? कोरम मॉलच्या पार्किंगमध्ये?’’

त्यावर तो हसला आणि मला चहा मागवला. चहा चांगला होता, शॉकअप मिळाला नाही. दुकानाचं आणि किटचं नाव लिहीत नाही. एकाच दुकानाचा हा प्रश्न नाही, अशी कार्डं सगळीकडे सापडतील. घेण्याआधी मागची बाजू वाचा एवढंच.

गाडी मारुतीची जिमनी, पाच दारांची, मॅन्युअल. स्पेक तुम्हाला पाठ असतील, मी उगाळत नाही. मूळ गाडीबद्दल माझी तक्रारही नाही. हे सगळं वरून लावलेल्या वस्तूंबद्दल आहे. वापर म्हणाल तर ठाण्यात रोज घोडबंदर रोडवरून वागळे इस्टेट आणि परत, आणि सुट्टीत मुरबाड, शहापूर, माळशेजच्या पायथ्याची बाजू. तिथे मित्राची शेतजमीन आहे, ओढा आहे, त्यामुळे परवानगीचा प्रश्न येत नाही. येऊरच्या जंगलात गाड्या घालणाऱ्यांनी हे वाचून मला मार्ग विचारू नयेत, ते राष्ट्रीय उद्यान आहे. रायगडच्या किनाऱ्यांवर वाळूत गाडी घालून गुन्हा अंगावर घेण्याची हौसही मला नाही.

दुकानात तुम्हाला विकायचा क्रम ठरलेला असतो : आधी लिफ्ट (गाडी उंच करणारं सस्पेन्शन किट), मग टायर, मग दिवे-बंपर-स्नॉर्केल (इंजिनासाठी उंचावरून हवा घेणारी नळी), आणि शेवटी बिल करताना ‘एक कॉम्प्रेसर पण टाकू का?’, म्हणजे हवेचा पंप. किंमत त्याच क्रमाने उतरत जाते. उपयोग बरोबर उलट्या क्रमाने.

लिफ्टचं सांगतो. दोन इंची किट, स्प्रिंग आणि चार शॉकअप, फिटिंग धरून पन्नास हजारांच्या आसपास. जिमनीला पुढे-मागे दोन्हीकडे अखंड अ‍ॅक्सल आहे. म्हणजे डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा) गोळा चाकांच्या मधल्या त्या आडव्या नळीवर बसलेला असतो आणि स्प्रिंग त्याच्या वर असते. स्प्रिंग उंच केली की बॉडी वर जाते, गोळा जिथे आहे तिथेच राहतो. दगडावर आपटतो तो गोळाच. म्हणजे पन्नास हजार देऊन गाडीचा सगळ्यात खालचा भाग वर गेला शून्य मिलिमीटर. हे कोणी दुकानदार सांगत नाही. फायदा होतो तो कोनांचा : पुढचा बंपर बांधावर घासत नाही, चढ संपताना पोट टेकत नाही, चाकाला खाली लोंबायला जास्त जागा मिळते. माझ्या ओढ्याच्या उतारावर हा फरक नक्की जाणवला, ते नाकारत नाही. पण मूळ गाडीच २१० मिलिमीटर वर आहे आणि मागचा कोन आधीच भरपूर आहे. मी ज्या वाटांनी जातो तिथे ती लिफ्टशिवायही गेली असती.

आणि खर्च किटवर थांबत नाही. गाडी उचलली की पुढच्या अ‍ॅक्सलचा कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो, त्यामुळे वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ यायला कुरकुर करतं. ईस्टर्न एक्स्प्रेसवर ऐंशीच्या पुढे गाडी डावी-उजवी हुंगत चालते. त्याला कॅस्टर दुरुस्तीचे वेगळे बुश लागतात. मग पॅनहार्ड रॉड, म्हणजे अ‍ॅक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देणारा आडवा दांडा. त्याचं एक टोक चासीला, दुसरं अ‍ॅक्सलला. बॉडी वर गेली की रॉड अ‍ॅक्सलला एका बाजूला ओढतो. माझी पुढची चाकं एका बाजूला थोडी बाहेर दिसत होती. ते माझ्या लक्षात आलं नाही, सोसायटीच्या वॉचमनच्या आलं. अ‍ॅडजस्ट होणारा रॉड घ्यायचा तर तो वेगळा, ब्रेकच्या पाइपांचा ताण तपासायचा, पुन्हा अलाइनमेंट. ‘किट पूर्ण आहे’ असं म्हणणाऱ्याला एकच विचारा : यात कॅस्टर बुश आणि पॅनहार्ड रॉड आहे का?

शॉकअप का गळला हे कळव्याच्या मिस्त्रीदादांनी दोन मिनिटांत दाखवलं. दांड्यावर वाळलेला चिखल बसतो, दांडा आत-बाहेर करताना तोच चिखल सील कापतो. दांड्यावर रबरी बूट (आवरण) असता तर वाचला असता. चिखलासाठी विकलेल्या किटमध्ये बूट नाही. बऱ्याच मेल आणि फोननंतर दुकानाने शेवटी नवीन शॉकअप अर्ध्या किमतीत दिला, वर उपकाराचा चेहरा. एका बाजूचा नवा आणि दुसऱ्या बाजूचा जुना चालत नाही, म्हणून डावाही बदलावा लागला. तो पूर्ण किमतीत. आता हिशेब तुम्हीच करा.

टायर. २१५/७५ आर १५, एटी, म्हणजे ऑल-टेरेन, डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचे. मूळचे १९५/८०. रुंदीचा आकडा बघून मोठ्ठा फरक वाटतो, पण गणित केलं तर मूळ टायरचा व्यास ६९३ मिलिमीटर आणि याचा ७०३.५. अ‍ॅक्सल वर गेला जेमतेम ५ मिलिमीटर. पाच का होईना, हे खरे पाच आहेत, लिफ्टच्या शून्यापेक्षा जास्त. २३५/७५ टाकले तर अ‍ॅक्सल २० मिलिमीटर वर जातो, पण टायर जवळपास सहा टक्के मोठा होतो. गाडी प्रत्यक्षात ८५ ला पोचते तेव्हा मीटर मूळ टायरच्या मानाने ८० सांगतो. किलोमीटरही कमी मोजतो, त्यामुळे अ‍ॅव्हरेज आहे त्याहून वाईट दिसतं आणि माणूस उगाच खचतो. शिवाय १०५ पीएसच्या इंजिनाला ती चाकं फिरवायची असतात. दीड टक्क्यावर थांबलो ते बरं.

एलटी (लाइट ट्रक) लिहिलेले जाड थरांचे टायर घेऊ नका. ते वजनदार गाड्यांसाठी. बाराशे किलोच्या गाडीखाली ते वाकतच नाहीत, नुसते हादरे देतात. आणि दुकानदार पाच घ्या म्हणत होता, मी चारच घेतले. स्टेपनी जुनीच आहे. दीड टक्का लहान टायर टू-व्हील ड्राइव्हमध्ये सावकाश पंक्चरवाल्यापर्यंत न्यायला काही होत नाही, फक्त त्या अवस्थेत डांबरावर फोर-व्हील लावायचं नाही. तसंही या गाडीला मधला (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा) डिफरन्शियल नसल्याने कोरड्या डांबरावर फोर-एच (नेहमीच्या वेगाचं फोर-व्हील) लावायचं नसतंच. पाचव्या टायरचे पैसे वाचले ते पुढे सांगतो त्या वस्तूत गेले.

जूनमध्ये टायरबद्दल एक परिच्छेद लिहून ठेवला होता, तो असा : ‘आवाज थोडा वाढला, पण गायमुखच्या खड्ड्यांत आत्मविश्वास वाढला, ओल्या रस्त्यावर ब्रेक चांगला, दहापैकी नऊ.’ हे ऑगस्टमध्ये बदललं. मुरबाडकडच्या भातखाचराच्या कडेची चिकण माती एटीच्या खाचांत अशी भरते की टायर गुळगुळीत होतो आणि मग चाक नुसतं फिरतं. तिथे एमटीच (मड-टेरेन, खास चिखलाचा टायर) हवा, किंवा तिथे जायचंच नाही. आता सहा देईन. आवाजाचं म्हणाल तर कोलशेतच्या काँक्रीटवर पन्नासला जो हूं-हूं सुरू होतो, त्यात बायकोला सासूबाईंचा फोन ऐकू येत नाही. त्यावर तिने अजून तक्रार केलेली नाही.

आता मुख्य मुद्दा. हवेचा पंप.

१२ व्होल्टचा, एका सिलिंडरचा, साडेचार हजारांचा. सगळ्या खर्चात गाडीचं वागणं ज्याने खरंच बदललं ती वस्तू ही. दारावरच्या स्टिकरनुसार भरलेली हवा खडकाळ वाटेवर १८ पीएसआयपर्यंत उतरवली की टायर जमिनीवर लांब पसरतो, दगडाभोवती वळतो, त्याला टक्कर मारत नाही. ज्या चढावर चाक फिरून माती उडत होती, तिथे गाडी लो रेंजमध्ये (कमी वेग, जास्त ओढ) क्लच न जाळता वर गेली. हादरेही कमी. लिफ्ट किटवाल्याने ज्याला ‘प्लश राइड’ म्हटलं होतं ती मला हवा सोडून फुकटात मिळाली. चिकण मातीत मात्र हवा सोडूनही फारसं भागत नाही, ते आधीच लिहिलंय. साध्या रिमवर १५ च्या खाली जाऊ नका, वळताना टायर रिमवरून निसटू शकतो. आणि वेग सायकलचाच ठेवा.

पण हवा सोडणं सोपं, भरणं हाच प्रश्न. पेट्रोल पंपावर हवा फुकट असते हे मलाही माहीत आहे, तीच भरत आलो आयुष्यभर. शेतापासून तो पंप लांब आहे आणि १८ पीएसआयवर डांबरी रस्त्याने तिथवर गेलं तर टायरची कड तापून आतून खराब होते. म्हणून स्वतःचा पंप.

घेताना लाइटरच्या सॉकेटमध्ये लागणारा बारका पंप घेऊ नका. त्या सॉकेटचा फ्यूज साधारण दहा-पंधरा अँपिअरचा, आणि काम करणारा पंप वीसच्या वर खेचतो. फ्यूज उडतो आणि मोबाइलचं चार्जिंगही जातं. बॅटरीला थेट चिमटे लावायचा घ्या, इंजिन चालू ठेवा. खोक्यावर मिनिटाला किती लिटर लिहिलंय ते सोडून द्या, तो आकडा समोर दाब नसतानाचा असतो. बघायचं ते सलग किती वेळ चालवू देतात. माझा पंप १८ वरून २८ ला एक टायर साधारण चार मिनिटांत नेतो. चार टायर झाले की हात लावण्यासारखा राहत नाही.

आता त्याचं नोझल. या नोझलवर मला वेगळा लेख लिहायचा होता, बायकोने अडवलं. वॉल्व्हवर फिरवून बसवायची पितळी चकती आहे. बसवताना ठीक. काढताना फिरवावी लागते, आणि ते आटे सुटेपर्यंत हवा फुस्सकन जात राहते. प्रत्येक टायरमागे एक-दीड पीएसआय. मग तुम्ही तीस भरता, काढल्यावर साडेअठ्ठावीस येतात. पुढच्या टायरला तेवढं गृहीत धरून एकतीस भरता, तो तीस निघतो. चारी चाकांत चार आकडे. त्यात पंपावरचा घड्याळी मीटर पंप चालू असताना जास्त दाखवतो, त्यामुळे बंद करून बघायचं, पुन्हा चालू करायचं. पावसात, बोनेट उघडं, बॅटरीवर छत्री धरून बायको उभी, आणि मी त्या पितळी चकतीशी बोलतोय. कंपनीच्या माणसाला फोन केला तर म्हणाला, ‘‘सर, पटकन काढायचं.’’ पटकन!

उपाय बाळकुमच्या पंक्चरवाल्याकडे निघाला. त्याच्याकडचं खटक्याचं नोझल, दीडशे रुपये. जुनं कापून त्याने नळीला क्लिप मारून दिलं. खटका उचलला की क्षणात सुटतं, हवा जात नाही. साडेचार हजारांच्या वस्तूत हे दीडशे रुपये घालायला काय झालं होतं? सोबत एक वेगळा घड्याळी गेज घ्या, तोच खरा मानायचा. आता सोसायटीतले लोक स्कूटर घेऊन माझ्या पार्किंगला येतात. सेक्रेटरीसाहेबांनाही भरून दिली, तेव्हापासून पार्किंगचा स्टिकर नसल्याबद्दलची त्यांची नोटीस आलेली नाही.

बाकीचं पटकन. स्नॉर्केल घेतला नाही. वंदना टॉकीजपाशी पाणी भरलं की तिथून न जाणं हा फुकटचा स्नॉर्केल आहे. त्याआधी डिफच्या (डिफरन्शियलच्या) ब्रीदरचा, म्हणजे आतली हवा ये-जा करण्याच्या छिद्राचा, पाइप वर घ्या. गरम अ‍ॅक्सल गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर पाण्याखाली असेल तर तो पाणी ओढतो. तेल दुधाळ होतं. हातभर नळी आणि क्लिप, बस्स. लोखंडी बंपर घेतला नाही. क्रॅश गार्डवर कारवाई करा असं केंद्राने राज्यांना डिसेंबर २०१७ मध्येच कळवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावला, त्यानंतर कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात फेरफार चालत नाही, यावर वाद राहिलेला नाही. लिफ्टबद्दल विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी तिथेही एक कार्ड उलटं होईल.

फसलेली गाडी ओढून काढायला ताणणारा कायनेटिक दोर आणि दोन पाऊण इंची बो शॅकल (दोर अडकवायच्या लोखंडी कड्या), ४.७५ टन छापलेले. छापलेलं नसेल तर घेऊ नका. ट्रेलरच्या बॉलला दोर लावणाऱ्याच्या गाडीजवळ उभे राहू नका, बॉल तुटून सुटला तर काच आणि माणूस दोन्ही फोडतो.

पुढच्या पावसाळ्याआधी विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र) घेणार नाही, त्या पैशांत एमटीचे दोन जोड येतात. बहुतेक तेही घेणार नाही. डिफचं तेल बदलणार, शॉकअपला रबरी बूट लावून घेणार, आणि पंपाची नळी मागच्या चाकापर्यंत हातभर कमी पडते, ती वाढवून घेणार.