पाण्यालगतचं घर की वस्तीतलं?

समुद्रकाठच्या आडगावात स्वतः रांधून राहायचं ठरलं की घरं दोनच प्रकारची मिळतात. एक अगदी पाण्यालगतचं, नाहीतर आत वस्तीतलं. पाण्यालगतच्या घराची ओढ मला पुरती कळते. पहाटे दार उघडावं आणि समोर ओहोटीची ओली वाळू पसरलेली असावी, तेवढ्यासाठी बाकी सगळं माफ करावंसं वाटतं. पण खारी हवा स्वयंपाकघरात शिरतेच. मीठ ओलं होऊन डब्याला चिकटतं, काडेपेटी सादळते, सुरीच्या पात्यावर तांबूस ठिपके धरतात. शिवाय भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास जास्त चढते. वाट वाळूतून असेल तर सामान आणायची वेळ याच हिशेबाने ठरवावी लागते.

वस्तीतल्या घरातून समुद्र दिसत नाही, हे मोठंच उणं. मात्र गॅस संपला तर शेजारी हाक मारता येते.

लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर मी वस्तीतलंच घर घेईन. दोघंच असाल आणि आठवड्याचा शिधा सोबत नेणार असाल, तर खुशाल पाण्यालगतचं घ्या. फक्त आधी विचारून ठेवा, नळाला पाणी गोडं येतं की मचूळ.