ट्रकचे फॉल्ट कोड घरी वाचताना: कोड रीडर काही महिने वापरल्यावर

ट्रकसाठी कोड रीडर, म्हणजे गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, घेऊन आता बरेच महिने झाले. घ्यावा का, असं कुणी विचारलं तर मी हो म्हणतो आणि लगेच पुढे सांगतो, की स्क्रीनवर मोठ्या अक्षरात जे नाव येतं ते वाचून पार्ट मागवू नका. यंत्र कोड बरोबर वाचतं, त्यात शंका नाही. पण प्रत्येक कोडमध्ये दोन मुख्य आकडे असतात. बनवणाऱ्यांनी पहिल्या आकड्याचं नाव ठळक दिलंय आणि ज्याच्यावर सगळा खर्च ठरतो तो दुसरा आकडा कोपऱ्यात बारीक टाकलाय. माझी या यंत्राबद्दलची सर्वांत मोठी तक्रार हीच आहे.

त्याआधी जोडणीचं बोलू, कारण बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. कारच्या सॉकेटात लावायचं सोळा पिनांचं स्वस्त डोंगल (छोटं अडॅप्टर) इथे उपयोगाचं नाही. बऱ्याच जड ट्रकमध्ये नऊ पिनांचं गोल सॉकेट असतं आणि इंजिन, ब्रेक वगैरे सांभाळणाऱ्या कंट्रोलरचं, म्हणजे आतल्या छोट्या संगणकांचं, आपसातलं बोलणं एसएई जे१९३९ या प्रमाणानुसार कॅन नावाच्या नेटवर्कच्या दोन वायरींवरून चालतं. सॉकेट काळं असेल तर वेग सेकंदाला २५० किलोबिट, हिरवं असेल तर ५००. हिरवी केबल दोन्ही सॉकेटांत बसते, काळी मात्र हिरव्यात बसत नाही. खाच मुद्दामच तशी ठेवलीय. त्यामुळे यंत्रासोबत हिरवी केबल येते का ते आधी बघा. जुन्या गाड्यांत सहा पिनांचं गोल सॉकेट आणि जे१५८७ ची पद्धत सापडते, तिला वेगळी केबल लागते. काही ट्रकना सोळा पिनांचंच सॉकेट असतं, पण सॉकेट सारखं दिसलं म्हणून आतली भाषा सारखी असेलच असं नाही. त्यातून गाडी २४ व्होल्टची असली तर १२ व्होल्टसाठी बनवलेलं डोंगल लावून हात पोळून घेण्यात अर्थ नाही.

माझं यंत्र हातात धरायचं आहे. स्वतःची बॅटरी नाही, गाडीतूनच वीज घेतं. प्लग ढकलून बाहेरची कडी फिरवायची, की तो अडकतो. केबल जाड आणि वजनदार. सॉकेट डॅशबोर्डखाली असल्यामुळे ती नेमकी गुडघ्यावर लोंबते. उन्हात स्क्रीन दिसत नाही. बटणं मात्र चांगली मोठी आहेत, ग्रीस लागलेल्या बोटांनीही दाबता येतात. फोनला ब्लूटूथने जोडायचे अडॅप्टर सुटसुटीत असतात हे खरं, पण बॉनेटखाली डोकं घातलेलं असताना फोन सांभाळत बसायला मला आवडत नाही.

आता मुख्य गोष्ट. जे१९३९ मधला कोड वाचायचा तो असा: एसपीएन म्हणजे कशाबद्दल तक्रार आहे, एफएमआय म्हणजे तक्रार कोणत्या प्रकारची आहे, सोर्स अॅड्रेस म्हणजे ती कोण करतंय, आणि शेवटी ती किती वेळा झाली याची मोजणी. एसपीएन १०० म्हणजे इंजिन ऑइलचं प्रेशर. माझ्या स्क्रीनवर १०० आला की 'ऑइल प्रेशर' एवढंच ठळक दिसतं. पण १०० सोबत एफएमआय १ असेल तर प्रेशर खरोखर धोक्याच्या खाली गेलंय असं इंजिनाचं म्हणणं आहे. तिथल्या तिथे इंजिन बंद करायचं आणि पुढचा विचार नंतर. त्याच १०० सोबत ४ असेल तर सेन्सरच्या वायरीतला व्होल्टेज नको तितका खाली आलाय, म्हणजे वायर, कपलर (वायर जोडायचा प्लग) किंवा सेन्सर यांपैकी कुठेतरी घोळ आहे. ऑइलची पट्टी तरीही बघायची, पण संशयाची दिशा पार बदलते.

एफएमआय ० ते ३१ असे असतात, सगळे पाठ करायची गरज नाही. ३, ४, ५, ६ हे विजेचे: व्होल्टेज जास्त, व्होल्टेज कमी, करंट कमी किंवा वायर तुटलेली, करंट जास्त किंवा वायर बॉडीला लागलेली. यांतला एखादा दिसला की मी आधी मल्टीमीटर काढतो. ०, १ आणि १५ ते १८ या आकड्यांत सेन्सरचं मोजमाप ग्राह्य धरलेलं असतं आणि मोजलेली गोष्टच मर्यादेबाहेर गेलेली असते. वरच्या बाजूला १५ सौम्य, १६ मध्यम, ० गंभीर आणि खालच्या बाजूला १७, १८, १. दोन आला तर वाचन इकडेतिकडे उड्या मारतंय, म्हणजे बहुधा लूज कॉन्टॅक्ट. ७ म्हणजे यांत्रिक भाग हुकमाप्रमाणे हलत नाही. ९ आणि १९ आले तर ज्याने तक्रार केली त्याच्यापेक्षा ज्याच्याकडून माहिती यायची होती त्या कंट्रोलरकडे बघायचं. ३१ म्हणजे 'अशी परिस्थिती आहे', एवढंच. त्याच्यावरून कुणालाही काही कळत नाही, मॅन्युअल उघडावंच लागतं.

या यंत्राचा पैसा कुठे वसूल झाला ते सांगतो. एसपीएन ११० एफएमआय ३ असा कोड होता: कूलंटच्या तापमानाचा सेन्सर, व्होल्टेज जास्त. यंत्राच्या मदतीच्या पानावर 'सेन्सर तपासा' असं लिहिलंय आणि तपासा म्हटलं की लोक बदला असं वाचतात. हा सेन्सर दोन वायरींचा असतो. आत तापमानाप्रमाणे बदलणारा रेझिस्टन्स. कपलर काढून ठेवला तरी कंट्रोलरला ३ च दिसणार, कारण त्याच्या दृष्टीने वायर तुटलीय. म्हणून इग्निशन बंद करून कपलर काढला, वायरीच्या बाजूच्या दोन्ही पिना एका छोट्या जंपरने जोडल्या, इग्निशन परत चालू केलं आणि यंत्रावर बघितलं. कोड बदलून ४ झाला असता तर वायरिंग आणि कंट्रोलर दोन्ही ठीक आणि सेन्सर गेलेला, असा निकाल. इथे ३ जागचा हलला नाही. म्हणजे दोष सेन्सरच्या अलीकडे, वायरीत. कपलर उजेडात धरल्यावर दिसलं, की एक पिन प्लास्टिकमध्ये मागे सरकलीय; बाहेरून कपलर घट्ट बसलेला वाटत होता, आत धातूला धातू टेकतच नव्हता. पिन पुढे ढकलून तिची जीभ नीट अडकवली, काम झालं. ही युक्ती दोन वायरींच्या तापमान सेन्सरापुरतीच. तीन वायरींच्या प्रेशर सेन्सरमध्ये पाच व्होल्टची सप्लाय असते, तिथे जंपर घालू नका. आणि अशा वेळी लाइव्ह डेटामधल्या, म्हणजे सेन्सरचे चालू आकडे यंत्रावर दिसतात त्यातल्या, तापमानावर विसंबू नका, सेन्सर गेला की काही कंट्रोलर पदरचाच एखादा आकडा दाखवतात.

लाइव्ह डेटा मला खरा कामाला आला तो वायर हलवून बघताना. इंजिन बंद, इग्निशन चालू, यंत्रावर तो एकच आकडा लावायचा आणि हार्नेस (वायरींचा जुडगा) टप्प्याटप्प्याने हलवत जायचं. जिथे आकडा उडी मारतो तिथे ब्रॅकेटने वायर घासलेली असते किंवा कपलरमध्ये हिरवा गंज असतो. डीपीएफ, म्हणजे एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर, त्याच्या दोन बाजूंच्या प्रेशरमधला फरक मोजणारा सेन्सर, एसपीएन ३२५१, यासाठी आणखी एक सोपी परीक्षा आहे: इंजिन बंद असताना तो जवळपास शून्य दाखवायला हवा. दाखवत नसेल तर फिल्टरला दोष देण्याआधी सेन्सर आणि त्याच्या नळ्या बघा. माझ्या यंत्रात आलेख निघतो, पण तो इतका सावकाश पुढे सरकतो की क्षणभराची उडी निसटते. आलेखापेक्षा साधा आकडा बरा.

दुसरा अनुभव बॅटरीचा. बॅटरी अर्धी उतरलेली असताना सेल्फ मारला की व्होल्टेज इतका पडतो की एबीएस, गिअरबॉक्स, एक्झॉस्टचा कंट्रोलर सगळे एकदम ओरडायला लागतात. लग्नघरात वीज गेल्यासारखी गत, जो तो दुसऱ्याला विचारतोय. स्क्रीनवर कोडची रांग लागते, त्यात ६३९ हा नेटवर्कचा आणि १६८ हा बॅटरी व्होल्टेजचा दिसला तर बाकीचे सगळे बाजूला ठेवा. टर्मिनल आणि अर्थिंगच्या वायरी साफ करून घट्ट करा, बॅटरी चार्ज करा, कोड लिहून घेऊन पुसा आणि गाडी चालवून बघा. जे परत येतील तेच खरे. नेटवर्कचा संशय तरीही उरला तर बॅटरी सोडवून गोल सॉकेटच्या सी आणि डी पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजा. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतात, म्हणून ६० च्या आसपास यायला हवं. १२० आलं तर एक रेझिस्टर तुटलाय किंवा वायर मध्येच कापलीय. शून्याजवळ आलं तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात. याला कोड रीडर लागतच नाही.

कोड पुसण्याबद्दल थोडं. चालू कोड कंट्रोलर दर सेकंदाला आपणहून सांगत असतो, जुने झालेले विचारल्यावर देतो. पुसायचं बटण दोन्हींना लागू होतं, पण दोष जागेवर असेल तर चालू कोड लगेच उगवतो. आणि पुसलं की फ्रीझ फ्रेमही जाते, म्हणजे कोड पडला त्या क्षणी आरपीएम, लोड, तापमान किती होतं ती नोंद. ती माझ्या मते कोडपेक्षा मोलाची. मी आधी फोटो काढतो, मग पुसतो. डीईएफ (एक्झॉस्टमध्ये फवारायचं युरियाचं द्रावण) आणि एससीआर (ते वापरून धूर साफ करणारी यंत्रणा) यांच्या कोडांना तर पुसून काही साधत नाही. गाडीने ताकद किंवा वेग कमी करायला सुरुवात केली असेल, एसपीएन ५२४६ दिसत असेल, तर मूळ दोष गेल्याचं गाडीने स्वतः तपासल्याशिवाय ती ऐकत नाही.

यंत्रात फोर्स्ड रिजनचाही, म्हणजे डीपीएफमधली काजळी मुद्दाम जाळून टाकण्याचाही, पर्याय आहे. चालतो, पण तो सहज दाबायचा पर्याय नव्हे. एक्झॉस्टचं तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या घरात जातं. गाडी उघड्यावर हवी, सायलेन्सरच्या आसपास सुकं गवत, पुठ्ठा, ताडपत्री काही नको, पार्किंग ब्रेक लावलेला हवा आणि माणूस शेजारी थांबायला हवा. इंजेक्टर गळत असेल किंवा टर्बोमधून ऑइल येत असेल तर रिजन करूच नये. डीपीएफ भरण्याचं कारण तसंच राहतं आणि आगीचा धोका वाढतो.

जिथे यंत्र हात टेकतं त्या जागाही आहेत. ५,२०,१९२ पासून पुढचे एसपीएन कंपन्यांनी आपापल्या वापरासाठी ठेवलेले असतात. माझं यंत्र तिथे नुसता आकडा दाखवून गप्प बसतं. त्या इंजिनाचं मॅन्युअल नसेल तर तो आकडा लिहून मेकॅनिककडे जाण्यावाचून इलाज नाही. इंजेक्टर बदलल्यावर त्याचा कोड भरणं, कंट्रोलरचं प्रोग्रॅमिंग, वेगमर्यादा बदलणं ही कामं कंपनीच्या सॉफ्टवेअरचीच. पण मेकॅनिकशी बोलणं सोपं झालं हे नक्की. 'चेक लाइट लागलाय' असं सांगण्याऐवजी एसपीएन, एफएमआय, कुठल्या कंट्रोलरने सांगितलं आणि किती वेळा, एवढं कागदावर दिलं की तोही अंदाजाने पार्ट सुचवत नाही.

पुन्हा घ्यायचं झालं तर मी इंजिनासोबत एबीएस आणि गिअरबॉक्सचे कोडही वाचणारं, एफएमआय ठळक दाखवणारं आणि काळी-हिरवी अशा दोन्ही सॉकेटांत बसणारी केबल देणारं यंत्र घेईन. रंगीत स्क्रीन नसली तरी चालेल, फोर्स्ड रिजन नसलं तरीही चालेल. फ्रीझ फ्रेम मात्र हवीच.