जुन्या ८+८ सोबत १६+१६ लावू, की जुनी रॅम काढूनच टाकू?

समजा डेस्कटॉपमधे डीडीआर४ पिढीच्या रॅमच्या ८-८ जीबीच्या दोन स्टिक आहेत आणि १६ जीबी आता पुरत नाहीये, ब्राउजर उघडला की बाकी सगळं रांगायला लागतं. मग १६-१६ च्या दोन अजून घुसवायच्या, की जुन्या काढून फक्त नवीन दोनच ठेवायच्या? साइज वेगळी आहे म्हणून काही जळत-बिळत नाही, मशीन बहुतेक वेळा निमूट चालू होतं. खरी कटकट ओव्हरक्लॉक करायला, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त स्पीडला पळवायला गेलं की सुरू होते.

मिक्स केलं तर ४८ जीबी मिळतात. ड्युअल चॅनल (रॅमशी एकाच वेळी दोन वाटांनी बोलणं) जाईल अशी भीती घालणारे बरेच भेटतात पण ते अर्धवट खरं आहे, दोन्ही चॅनलची बेरीज सारखी पाहिजे एवढंच, म्हणजे एका चॅनलला ८ आणि १६, दुसऱ्यालाही ८ आणि १६, झाले २४-२४. दोन्ही ८ एकाच चॅनलला टाकल्या तर मात्र वरची १६ जीबी सिंगलवर चालते, आणि ३२०० स्पीडच्या रॅमला ड्युअलची कमाल बँडविड्थ (डेटा ने-आण करायचा वेग) सेकंदाला ५१.२ जीबी असते तर सिंगलची बरोबर निम्मी, २५.६. बोर्डाचं मॅन्युअल उघडून स्लॉट बघा, अंदाजाने लावू नका.

आता स्पीड. चारही स्टिक एकाच क्लॉकवर चालतात त्यामुळे जुनी ३२०० ची आणि नवी ३६०० ची असेल तर नवीचे पैसे अर्धे पाण्यात. एक्सएमपी प्रोफाइल, म्हणजे स्टिकमधेच भरलेली जास्त स्पीडची तयार सेटिंग, कंपनीने त्या किटपुरतं तपासलेलं असतं, तुमच्या खिचडीसाठी नाही. त्यात स्टिकवरच्या एकेका चिपची डेन्सिटी (क्षमता) वेगळी असली की टायमिंगही जुळत नाही, जेडेकप्रमाणे (रॅमची मानकं ठरवणारी संस्था) ८ गिगाबिटच्या चिपला टीआरएफसी, म्हणजे एकदा रिफ्रेश व्हायला लागणारा वेळ, ३५० नॅनोसेकंद लागतो आणि १६ गिगाबिटच्या चिपला ५५०, म्हणजे जिला जास्त लागतो तिच्या चालीने सगळ्यांनी चालायचं. शिवाय चार स्टिकचा लोड प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवर येतो तो वेगळाच. डीडीआर५ या पुढच्या पिढीत तर हे फारच टोचतं, एएमडीच्या रायझन ७००० प्रोसेसरला दोन स्टिकवर अधिकृत स्पीड ५२०० आहे आणि चार लावल्या की थेट ३६००!

मी एकदा असंच मिक्स करून एक्सएमपी चालू ठेवलं होतं, दोन दिवस मस्त चाललं आणि मग झिप फाइली उघडताना करप्ट निघायला लागल्या, मी आपला हार्डडिस्कला शिव्या देत बसलो, दोष होता रॅमचा.

त्यामुळे गेमिंग किंवा ओव्हरक्लॉकचा नाद असेल तर माझं मत सरळ आहे, १६+१६ चं एकच किट घ्या आणि जुनी काढा. व्हर्च्युअल मशीन, मोठं व्हिडिओ एडिटिंग असलं काही करत असाल तर तिथे स्पीडपेक्षा जीबी कामाला येतात, मग खुशाल मिक्स करा, पण एक्सएमपी बंद ठेवून आधी रात्रभर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासायचा प्रोग्राम चालवा, एकही एरर आला नाही तरच हळूहळू स्पीड वाढवा.