सुटलेली दहावी: रात्रशाळा, सतरा नंबरचा फॉर्म की मुक्त विद्यालय?

शिक्षण हक्क कायद्याचं संरक्षण 14 वर्षांपर्यंत, म्हणजे साधारण आठवीपर्यंत. नववीत मूल शाळेतून सुटलं की त्याला शोधत दारात येणारं सहसा कुणी नसतं. मग पुढचं सगळं घरच्यांवर येतं: आई, मामा, एखादी शिकलेली ताई. हे त्यांच्यासाठीच लिहितोय.

महाराष्ट्रात अशा मुलाला दहावी करायच्या तीन मुख्य वाटा आहेत आणि तिन्हींचं प्रमाणपत्र चालतं. त्यामुळे "कुठलं सोपं?" यापेक्षा "रोज संध्याकाळी या मुलाला पुस्तक उघडायला लावणारं कोण आहे?" हे आधी बघा. शाळा सुटलेल्या मुलाचा अभ्यास तर बुडालेला असतोच, पण रोज त्याची वाट बघणारा वर्गही त्यानं गमावलेला असतो.

म्हणून जवळपास रात्रशाळा असेल तर आधी तिथे जा. ही खरीखुरी शाळा आहे. हजेरी लागते, फळ्यावर गणित सोडवलं जातं आणि शेवटी राज्य मंडळाचीच नेहमीची परीक्षा होते. गिरणी कामगारांच्या काळापासून मुंबईनं ही सोय जपली. आजही बहुतेक रात्रशाळा मुंबईतच आहेत, पुणे, अहिल्यानगर अशा शहरांत मोजक्या. वेळ साधारण साडेसहा ते साडेनऊ. कुणी कुरिअरची पिशवी बाकाखाली सरकवून बसतो, कुणी कँटीनमधून थेट आलेला असतो, पंधरा वर्षांच्या मुलाशेजारी पंचविशीतला माणूस त्याच धड्यावर अडलेला असतो. "आपण मागे राहिलो" ही लाज तिथे लवकर गळते. माझ्या मते रात्रशाळेचा सगळ्यात मोठा गुण हाच. 'मासूम' ही संस्था 2008 पासून रात्रशाळांना पुस्तकं, संध्याकाळचा खाऊ, फिरती प्रयोगशाळा अशी मदत करते. उपाशीपोटी तीन तास बसणाऱ्या मुलाला त्या खाऊचं मोल विचारा.

उणीवही सांगतो. वेळ अपुरा पडतो, आणि दिवाळीच्या आधी दुकानांत काम वाढलं की वर्ग ओस पडतात. दिवसा एका शाळेत आणि रात्री दुसऱ्या शाळेत शिकवणाऱ्यांची रात्रीची नोकरी 2017 च्या शासन निर्णयानं थांबवली, तेव्हा शिक्षकांची ओढाताण आणखी वाढली. प्रवेश घेण्याआधी मुख्याध्यापकांना सरळ विचारा: गणिताला आणि इंग्रजीला सध्या शिक्षक आहेत का?

सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे राज्य मंडळाची दहावी खासगीरीत्या देणं. वय 14 पूर्ण आणि किमान पाचवी पास, एवढं लागतं. अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिका शाळेतल्या मुलांच्याच. नेमून दिलेल्या शाळेत तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिकं आणि प्रकल्पांसाठी जावं लागतं, पण वर्षभर शिकवायची जबाबदारी त्या शाळेवर नसते. घरात कुणी शिकवणारं असेल किंवा चांगली शिकवणी परवडत असेल तरच हा फॉर्म भरा. नाहीतर फेब्रुवारी उजाडतो आणि बीजगणिताचं पुस्तक कोरंच असतं. फॉर्म आधीच्या पावसाळ्यात, ठरलेल्या मुदतीत ऑनलाइन भरायचा असतो. मुदत चुकली की वर्ष गेलं. आणि त्याला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो, तिथेच खूप घरं अडतात. दाखल्यावर 'गनेश', आधारवर 'गणेश', जन्मतारखेत महिन्याचा फरक. हे मेमध्येच तपासून घ्या.

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, सगळ्यात लवचिक. पाच विषय पुरतात, मराठी माध्यम मिळतं, मुख्य परीक्षा वर्षातून दोनदा होते. नोंदणी पाच वर्षं टिकते आणि त्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. एकेक विषय सोडवत गेलं तरी चालतं, पास झालेला विषय जमा राहतो. आजारी मूल, पाळी बदलणारं काम, दर हंगामाला गाव बदलणारं कुटुंब यांना याहून बरी सोय नाही.

पण गणित ऐच्छिक आहे म्हणून लगेच सोडू नका. आयटीआयमधल्या इलेक्ट्रिशियन, फिटर अशा ट्रेडना दहावीला गणित आणि विज्ञान लागतं. सोळाव्या वर्षी गणित टाळलेल्या मुलाला अठराव्या वर्षी तेच आडवं येतं. गणितानंच त्याला शाळेतून बाहेर काढलं असेल, तर ते शेवटच्या संधींसाठी ठेवा, पण विषयांत असू द्या. एनआयओएसचं अभ्यास केंद्र निवडताना तिथले संपर्क वर्ग, म्हणजे शिकवणीचे तास, खरंच भरतात का, हे स्वतः जाऊन पाहा. 'घरबसल्या हमखास पास' असं सांगून रोख पैसे मागणाऱ्याच्या दारातूनच परत फिरा.

मुलींचा विचार वेगळा करावा लागतो. रात्रशाळा सुटते तेव्हा साडेनऊ वाजलेले असतात, आणि घरचे "नको" म्हणाले की तिचं शिक्षण तिथेच थांबतं. त्यांच्याशी वाद घालण्यात वर्ष घालवू नका. त्याच वस्तीतल्या दोन-तीन मुली मिळून जाणार असतील आणि आणायला कुणी येणार असेल तर रात्रशाळाच. नाहीतर दिवसा वर्ग घेणारं एनआयओएसचं केंद्र शोधा, आणि गल्लीतल्या एखाद्या ताईला आठवड्यातून तीनदा तिच्यासोबत बसायचं कबूल करून घ्या.