‘जय हिंद साहेब’ म्हणणाऱ्या फोनची किंमत : १ लाख २० हजार ३०० रुपये

३१ जुलै २०२४ रोजी मी मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून चोवीस वर्षांची नोकरी पुरी करून पेन्शनीवर आलो. गावी येऊन पंधरा दिवसही झाले नव्हते, तोच पहिला फोन आला. ‘जय हिंद साहेब’ म्हणून समोरच्या माणसाने माझे पूर्ण नाव घेतले, रेजिमेंट सांगितली आणि मी भरती कोणत्या साली झालो तेही अचूक सांगितले. ही माहिती त्याला कुठून मिळाली, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. तो पडला नाही. उलट आपली दखल घेणारे कोणीतरी आहे, याचे बरेच वाटले. पुढे आठवले की नोकरी देणाऱ्या एका संकेतस्थळावर नाव नोंदवताना मी डिस्चार्ज बुकाच्या, म्हणजे लष्करी सेवेची नोंद असलेल्या पुस्तिकेच्या, पानांचे फोटो स्वतःच चढवले होते.

सातारा जिल्ह्यात पेन्शनीवर आलेला फौजी ही नवलाची गोष्ट नाही, घरटी एक सापडेल. तरीही त्रेचाळीस वर्षांचा धडधाकट माणूस सकाळी दहा वाजता पारावर दिसला की ‘मग, आता पुढं काय?’ हा प्रश्न दिवसातून दोनदा ऐकावा लागतो. मुलगी बारावीला होती आणि घराचा वरचा मजला अर्धवट होता. फंड, ग्रॅच्युइटी आणि विकलेल्या पेन्शनीची रक्कम नुकतीच बँकेत जमा झाली होती. हे सगळे फोनवाल्यांना ठाऊक असते. पेन्शनीनंतरचे पहिले सहा महिने फौजीच्या खात्यात पैसा असतो आणि डोक्यात गोंधळ असतो, त्यामुळे ते नेमके तेव्हाच येतात.

या फोनवाल्यांनी आम्हा चाळीसेक माजी सैनिकांना साताऱ्यातल्या एका हॉटेलच्या सभागृहात ‘करिअर मार्गदर्शन’ शिबिरासाठी बोलावले होते. ब्लेझरवर छोटी मेडल लावलेल्या गृहस्थांची ओळख निवृत्त कर्नल म्हणून करून देण्यात आली आणि कर्नलसाहेब म्हटल्यावर आमच्या पाठी आपोआप ताठ झाल्या. त्यांनी विचारले, ‘तुमच्यापैकी किती जणांना आपला बायोडाटा इंग्रजीत नीट लिहिता येतो?’ एकही हात वर गेला नाही. मग ते म्हणाले की सैनिकाकडे कसब भरपूर असते, पण ते कारखान्याच्या आणि कंपनीच्या भाषेत मांडलेले नसते, म्हणून चोवीस वर्षे माणसे आणि सामान सांभाळलेला हवालदार शेवटी फाटकावर उभा राहतो. हे बोलणे शंभर टक्के खरे होते, आणि माझ्या मते आम्ही फसलो ते या खरेपणामुळेच. ते गृहस्थ खरोखर कर्नल होते की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या कोणत्याही जवानाला आपण पहिल्या मिनिटात ‘कौनसी पलटण?’ असे विचारतो. त्या दिवशी चाळीस फौजींपैकी एकानेही ते विचारले नाही.

नावनोंदणीचे १०,००० रुपये आणि जीएसटी मिळून ११,८०० रुपये मी जागच्या जागी भरले. आठवड्याने ‘प्रीमियम कोचिंग’साठी ५९,००० रुपये गेले. त्यात बायोडाटा, मुलाखतीचा सराव, सेफ्टी ऑफिसरचे प्रमाणपत्र आणि पदवी समकक्षतेचे काम असे सगळे येणार होते. या शेवटच्या कामाविषयी लिहिताना मला आजही शरम वाटते. दहावी उत्तीर्ण असून पंधरा वर्षे सेवा झालेल्या माजी सैनिकाला, जिथे तांत्रिक शिक्षणाची अट नसते अशा केंद्राच्या गट ‘क’ पदांसाठी, पदवीधराच्या बरोबरीने धरतात आणि त्याचे प्रमाणपत्र लष्कराकडूनच मिळते. माझे प्रमाणपत्र पेन्शनीच्या कागदांबरोबर आलेले होते आणि घरी ट्रंकेत पडून होते. ते मी त्यांना नेऊन दिले, आणि त्यांनी त्याला प्लॅस्टिकचे आवरण घालून मलाच परत दिले.

या सगळ्याची परीक्षा ऑक्टोबरात झाली. साडूच्या ओळखीने शिरवळच्या एका कारखान्यात मुलाखत मिळाली होती. त्यात कोचिंगवाल्यांचा काही संबंध नव्हता, मी फक्त त्यांनी करून दिलेला बायोडाटा घेऊन गेलो होतो. टेबलापलीकडच्या मॅडम माझ्या मुलीपेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी दोन गुळगुळीत पाने शांतपणे वाचली आणि विचारले, ‘सर, तुम्ही सिग्नल्समध्ये होता का?’ मी नाही म्हणालो. त्यांनी कागद माझ्याकडे फिरवून बोट ठेवले. दुसऱ्या पानावर, माझ्याच नावाखाली, संदेशवहनाची यंत्रणा बारा वर्षे सांभाळल्याचे लिहिले होते. दुसऱ्या कोणाचा तरी मजकूर तसाच ठेवून वर माझे नाव घातलेले होते. इंग्रजी धड वाचता येत नाही म्हणून मी ते पान कधी नीट पाहिलेच नव्हते.

मग सेफ्टीचे प्रमाणपत्र निघाले. मॅडमनी ते बाजूला ठेवले आणि न रागावता समजावून सांगितले की तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ प्रमाणे एक हजार किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो. मात्र त्यासाठी आधी ठरावीक शिक्षण आणि त्यावर औद्योगिक सुरक्षेची शासनमान्य पदविका लागते, चार रविवारांच्या वर्गाचा कागद चालत नाही. त्यांनी चहा मागवला. तो चहा माझ्या घशाखाली उतरेना.

इथेच मी थांबायला हवे होते. पण जाब विचारायला फोन केला, तर ‘टायपिंगची चूक झाली साहेब’ म्हणून त्यांनी माफी मागितली आणि तिसऱ्या दिवशी चाकणच्या एका मोठ्या कंपनीचे नेमणूकपत्र मोबाइलवर पाठवले. महिना बेचाळीस हजार पगार, स्टोअर सुपरवायझर. त्यासाठी ३५,००० रुपये ‘परत मिळणारी अनामत’ आणि १४,५०० रुपये पोलीस पडताळणी व गणवेश, असे म्हणून संध्याकाळी पाचच्या आत भरायला सांगितले. गेलेले सत्तर हजार वाया जाऊ नयेत म्हणून मी आणखी साडेएकोणपन्नास हजार भरले. जुगारात हरणारा माणूस यापेक्षा वेगळे काय करतो? चाकणला कंपनीच्या फाटकावर गेलो तेव्हा तिथल्या पहारेकऱ्याने पत्रावरचा ईमेलचा पत्ता पाहूनच मान हलवली. पत्ता कंपनीचा नव्हता, कोणालाही फुकट काढता येतो तसला होता. त्या संध्याकाळपासून त्यांचे तिन्ही मोबाइल बंद लागतात.

पावत्या मात्र माझ्याकडे होत्या. पावतीवरचा जीएसटी क्रमांक सरकारी संकेतस्थळावर कोणालाही तपासता येतो, त्याला दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे मी पैसे भरल्यानंतर अडीच महिन्यांनी दिली. क्रमांक छपाईच्या एका व्यवसायाचा होता आणि तोही रद्द झालेला होता.

मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो. पेन्शनीवर आल्यावर नोंदणीसाठी गेलो होतो, तेव्हा नोकरीबद्दल चकार शब्द विचारला नव्हता, कारण सरकारी कार्यालयात काय मिळणार असा माझा तोरा होता. तिथे कळले की डीजीआर, म्हणजे संरक्षण मंत्रालयाचे पुनर्वास महासंचालनालय, सेवेच्या अखेरच्या काळात जवानांसाठी जे अभ्यासक्रम चालवते, त्यांचे शुल्क जवानाला भरावे लागत नाही. युनिटमध्ये त्याचे पत्रक आले होते, हेही मग आठवले. मी तो वेळ घराच्या बांधकामाच्या सुट्टीत घालवला. राज्याच्या गट ‘क’ आणि ‘ड’ पदांत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे, सरकारी बँकांत आणि केंद्राच्या उपक्रमांत गट ‘क’मध्ये साडेचौदा टक्के आहे आणि पुण्याचे माजी सैनिक महामंडळ, म्हणजे मेस्को, माजी सैनिकांना कामावर घेते. यातल्या एकाही गोष्टीसाठी कोणा दलालाला पैसे द्यावे लागत नाहीत.

तिथेच भेटलेल्या एका निवृत्त सुभेदारसाहेबांनी माझा बायोडाटा नव्याने लिहिला. त्यांनी मला तासभर फक्त प्रश्न विचारले. शेवटची चार वर्षे मी पलटणीतल्या कंपनीचा, म्हणजे तुकडीचा, रेशन-सामान सांभाळणारा क्वार्टरमास्टर हवालदार होतो. किती माणसांचे रेशन, किती लेजर, तपासणीत तूट किती निघाली, गाड्या कोण भरून घेत असे, हे सगळे त्यांनी माझ्याकडून काढले आणि एका पानावर साध्या इंग्रजीत उतरवले. मग प्रत्येक ओळ मला मराठीत सांगायला लावली, कारण जे सांगता येत नाही ते कागदावर ठेवायचे नाही, असा त्यांचा हुकूम होता. करिअर कोचिंग म्हणतात ते हेच असेल, तर ते मला दोन कप चहाच्या मोबदल्यात मिळाले. त्या एका पानावर आज मी एका गोदामात स्टोअर सांभाळतो. पगार बेचाळीस हजार नाही, पण दर महिन्याच्या सात तारखेला जमा होतो.

पोलीस ठाण्यात आधी ‘हा देवाणघेवाणीचा वाद आहे’ असे ऐकावे लागले. बनावट नेमणूकपत्र आणि रद्द झालेला जीएसटी क्रमांक पुढे ठेवल्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार घेतली गेली. पैसे ऑनलाइन गेले असतील, तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवावे; मी उशीर केल्याने खाते गोठवण्याआधीच ते रिकामे झाले होते. जिल्हा ग्राहक आयोगातही मी स्वतः अर्ज केला आहे. आपण राहतो त्या जिल्ह्यात तो करता येतो, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही, मात्र दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो.

त्या सभागृहातल्या चाळीसपैकी अकरा जणांना मी शोधून काढले. नऊ जणांनी पैसे भरले होते. तक्रारीला मात्र कोणी तयार नव्हते. ‘फौजी असून फसला’ असे गावात म्हणतील, याची प्रत्येकाला धास्ती होती. गेल्या आठवड्यात त्यांच्यापैकी एक नाईक साहेब मोटारसायकलवरून गोदामावर आले, खिशातून चौघडी घातलेल्या तीन पावत्या काढल्या आणि माझ्या टेबलावर ठेवल्या. तिन्हींवर तोच रद्द झालेला क्रमांक होता.